पान एकशे अठरावरचं तण

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
२५ नोव्हेंबर २०२४

चि. निता,
आशीर्वाद.

आज सकाळी उठून अंगण झाडलं. दहाच्या सुमारास पोस्टमन पाकीट देऊन गेला. सही करून घेतलं. दुपारी शेजारचा जगदेव विचारायला आला, तुरीवर फवारणी आता करू की थांबू. थांब म्हटलं. संध्याकाळी त्याच्याच घरून भाकरी आली. दिवस असा गेला.

पाकिटात वर्षाने लिहिलेल्या शेवटच्या पुस्तकाची छपाईआधीची पानं आहेत हे तुझ्या वरच्या चिठ्ठीवरून कळलं. चिठ्ठी वाचून पाकीट पुन्हा बंद केलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवलं. सवडीने पाहतो.

तू दोनदा फोन केलास तेव्हा मी फार बोललो नाही. राग मानू नको. फोनवर काय बोलावं ते सुचत नाही. लोक "जेवले का" विचारतात, मी "हो" म्हणतो, ते ठेवतात. त्यापेक्षा तू कागदावर लिहीत जा. मीही लिहीन. कृषी सहायकाच्या नोकरीत तीस वर्षं अहवाल लिहिले, तेवढं जमतं.

वर्षाची तेरवी नीट झाली. तुझ्या तांड्यावरून तुझी आजी रुपाबाई आणि आणखी सात-आठ बाया आल्या होत्या. त्यांनी त्यांच्या रीतीने सूर धरून रडून घेतलं. घरातलं मोठ्याने रडणं तेवढंच. पवन चार दिवस राहून हैदराबादला परत गेला. "बाबा, चला माझ्यासंगं," म्हणत होता. तूर उभी आहे म्हटलं.

सोयाबीन आम्ही अकोल्याला दवाखान्यात असताना वावरातच फुटलं. जे राहिलं ते जगदेवने काढून दिलं.

इंद्रभान घुगे

*

नागपूर
३० नोव्हेंबर २०२४

ती. काका,
निताचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर पाहून बरं वाटलं. "सवडीने पाहतो" असं लिहिलंत, म्हणून थोडी घाई करते. आमच्या प्रकाशनाला पुस्तक जानेवारीत आणायचं आहे. छापखान्यात वीस डिसेंबरच्या आत द्यावं लागेल. म्हणजे तुमचं निंदण मला दहा तारखेपर्यंत हवं.

निंदण हा बाईंचाच शब्द. आमच्याकडे त्यांची पाच पुस्तकं निघाली आणि प्रत्येक वेळी पानं तयार झाली की बाई म्हणायच्या, "आता साहेबाकडे निंदायला पाठव." त्या काळात जे पीक नव्हतं, झाड नव्हतं, गवत नव्हतं, ते तुम्ही उपटून द्यायचात. तुमच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. "पान ७१. नाल्याकाठी बेशरम. ते तेव्हा आपल्या देशात आलं नव्हतं. काढावे. त्याऐवजी निर्गुडी." एवढंच. गोष्ट आवडली की नाही, एक अक्षर नाही. बाई ती चिठ्ठी मला फोनवर वाचायला लावायच्या आणि खूप हसायच्या.

"शेवटून दुसरा बैल" हे सहावं. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याची गोष्ट. शेकडो बैलांच्या रांगेत शेवटून दुसरा बैल सांभाळणारी धानी नावाची दहा वर्षांची पोरगी. बाई पाच वर्षं माझ्या आजीजवळ बसून हे सारं विचारून घेत होत्या. आजी म्हणायची, "एवढं तं पुलिसवालाही नाई पुसत."

शेवटची दोन प्रकरणं तुमच्या अक्षरात आली आहेत. बाईंच्या हाताला सलाईन होतं, तेव्हा त्यांनी सांगितली आणि तुम्ही लिहिलीत ना? जुळणी करणारा म्हणाला, इतकं स्वच्छ अक्षर असलं तर आमचं पोट भरणार नाही.

काका, तुम्हाला माहीत आहे, मी तिसरीत असताना आई-बापू ऊसतोडीला गेले. मलाही नेणार होते. बाई तांड्यावर आल्या आणि आजीला म्हणाल्या, हिला ठेवून घ्या, हिचं वाचन चांगलं आहे. माझं वाचन काही चांगलं नव्हतं. मी "पानी" म्हणायची. सगळा वर्गच म्हणायचा. बाई रोज सकाळी उभं करून म्हणून घ्यायच्या, पाणी, लोणी, कोण, दाणे. ण आला नाही तर खाली बसू द्यायच्या नाहीत. मला पंधरा दिवसांनी बसायला मिळालं.

वर्गातल्या मुलांना त्यांनी पहिली चार प्रकरणं वाचून दाखवली होती. ती मुलं अजून विचारतात म्हणे, धानीला तांडा सापडला काय. म्हणून या पुस्तकात चूक असता कामा नये. तुमच्याशिवाय ते काम कोणी करू शकत नाही. मला तर गव्हातलं अन् जवातलंही कळत नाही, आजी म्हणते तसं.

जेवता ना वेळेवर?

तुमची,
निता

*

मेडशी
७ डिसेंबर २०२४

चि. निता,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. काल शाळेत जाऊन वर्षाच्या कपाटातल्या वस्तू आणल्या. एक शाल, नकाशे, खडूची पेटी, एक घंटी. घंटी शाळेचीच निघाली म्हणून परत देऊन आलो. हेडमास्तरांनी चहा पाजला.

पुस्तकाची पानं वाचली. दोन दिवस ओट्यावर बसून वाचली. ज्वारी, तूर, जवस, करडई, कपाशी ही पिकं ठीक आहेत. निंब, बाभूळ, पळस ही झाडं ठीक आहेत. या वेळी एकही तण आढळलं नाही. छापण्यास हरकत नाही.

जगदेवची बायको रोज भाकरी पाठवते. मी आता स्वतः करतो असं सांगितलं. तरी पाठवते.

थंडी वाढली आहे. तूर बरी आहे.

इंद्रभान घुगे

*

नागपूर
१२ डिसेंबर २०२४

ती. काका,
नमस्कार.

तुमचं पत्र हातात घेऊन मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले. कारण सांगते. आता सांगायला हरकत नाही.

मागच्या पुस्तकांत जे तण तुम्ही काढलंत, ते बाईंनी मुद्दाम पेरलेलं होतं.

पहिल्या पुस्तकात नाही. त्यात सातशे वर्षांपूर्वीच्या जेवणात हिरव्या मिरचीचा ठेचा आला होता, ती खरी चूक होती. ती पकडायला तुम्ही सगळं पुस्तक वाचलंत. तेव्हा बाईंना युक्ती सापडली. मला म्हणाल्या, "निता, हा माणूस पेपरात बाजारभाव सोडून काही वाचत नाही. पण चूक शोधायला सांग, शेवटच्या पानापर्यंत जातो." तेव्हापासून दर पुस्तकात त्या एक तण पेरायच्या आणि मला आधीच कळवायच्या, अमुक पानावर आहे, काढू नकोस, साहेबाला सापडू दे. गाजरगवत, निलगिरी, बटाटा, तो बेशरम, सगळं पेरलेलं. ते नेहमी शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत असायचं, हे तुमच्या ध्यानात आलं होतं काय?

या वेळी दवाखान्यातून त्यांचा फोन आला, एकोणीस ऑक्टोबरला. आवाज पार बसला होता. मी विचारलं, बाई, तण कोणत्या पानावर? म्हणाल्या, "या खेपेले मी तण पेरलं नाई. पन त्याईले सांगू नको. शोधू दे." आणि हसल्या. मला वाटलं, त्यांना ताकद राहिली नसेल. मग वाटलं, नाही, काही नसलं की तुम्ही पुनःपुन्हा वाचाल, असा त्यांचा विचार असेल. मी तुम्हाला काही सांगितलं नाही. मनात भीती होती की तुम्ही सवयीने काहीतरी शोधून काढाल, धोत्रा नाहीतर घाणेरी, आणि बाईंचं चांगलं वाक्य कापायला लावाल.

पण तुम्ही बरोबर ओळखलंत! "एकही तण आढळलं नाही." एवढ्या दुःखातही तुम्ही ते इतक्या बारकाईने वाचलंत. बाई असत्या तर हरल्या असत्या.

पानं छापखान्यात देते आहे. सोमवारी तेवीस तारखेला छपाई सुरू होईल. पहिली प्रत तुम्हाला.

तुमची,
निता

*

मेडशी
२१ डिसेंबर २०२४

चि. निता,
आशीर्वाद.

काल दुपारी सव्वाबारा वाजता तुला फोन करून "छापू नका" एवढं सांगितलं आणि ठेवला. त्यानंतर तू चार वेळा केलास. मी समोर बसलो होतो, उचलला नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. लिहितो.

सात तारखेचं माझं पत्र खोटं आहे. मी एकही पान वाचलं नव्हतं. पाकीट पिठाच्या डब्यावर होतं तसंच होतं. पीठ घ्यायचं असलं की ते खाली ठेवायचो, पुन्हा वर ठेवायचो. पिकांची नावं मी अंदाजाने लिहिली. तिच्या पुस्तकात तीच असतात.

तुझं पत्र सतराला मिळालं. तण नव्हतंच हे वाचून पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, खोटं खपलं. मग बाकीचं पत्र वाचलं.

ती मुद्दाम पेरत होती हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटे, तिला पिकांचं कळत नाही. वाशीमला तिचा सत्कार झाला होता, तेव्हा मलाही माइकवर बोलावलं. मी म्हणालो, "बाईले राजे-रजवाडे सारे पाठ हायेत, पन बेशरम अन् निर्गुडी यातला फरक समजत नाई." लोक खूप हसले. तीही हसली. गोष्ट इतकी जुनी झाली, तिने कधी सांगितलं नाही.

अठराला सकाळी मी पाकीट उघडलं. आता तपासायचं काही नव्हतं. नुसतं वाचायला बसलो. तिचं पुस्तक असं मी आधी वाचलेलं नाही. आधी मी बांध, धुरे, नाल्याचे काठ, स्वयंपाक एवढंच पाहत असे. माणसं काय बोलतात तिकडे लक्ष नसायचं. तिसऱ्या प्रकरणात म्हातारी धानीला म्हणते, "काहून रडून राह्यली? बैल रडला काय? त्याच्या पाठीवर तं दोन मन हाय." हे माझी आई गोजराबाई म्हणायची. आईला जाऊन एकवीस वर्षं झाली. वर्षाने ते केव्हा लिहून ठेवलं मला माहीत नाही. आधीच्या पुस्तकांतही आई असेल. आता पाहावं लागेल.

दोन दिवस लागले. काल सकाळी शेवटच्या प्रकरणावर आलो. ते दवाखान्यात मीच लिहून घेतलेलं, पण मला त्यातलं काही आठवत नव्हतं. नवीन असल्यासारखं वाचलं. तांड्यापासून मागे राहिलेली धानी धुक्यात वाट शोधते. तिला घुंगरं ऐकू येतात, ती तांडा समजून तिकडे पळते. पान ११८, ओळ ९ पाहा. तिथे लिहिलं आहे:

"पण ती घुंगरं नव्हती. सोयाबीनच्या शेंगा वाजत होत्या."

साडेतीनशे वर्षांपूर्वी. सोयाबीन आपल्याकडे माझ्या डोळ्यांदेखत आलं. नोकरीला लागलो तेव्हा बियाण्याच्या लहान पिशव्या घेऊन मी सायकलवर गावोगाव फिरलो आहे. लोक म्हणायचे, "साहेब, हे कोन्तं वाटानं हाय?" कोणी घ्यायला तयार नव्हतं. आणि पान ११८ वर ते मीच लिहिलं.

मग मी तुला फोन केला.

त्या जागी तिने काय सांगितलं होतं ते आठवेना. पुढचं वाक्य वाचलं. "धानीने एक दांडी मोडली, तिची साल सोलून दातांत धरली आणि ओढली. साल तुटली नाही." सोयाबीनची दांडी कडकन मोडते, तिला ओढण्यासारखी साल नसते. तुरीची शेंग अशी वाजत नाही. तिळाची बोंडं वाळली की उघडतात. हरभऱ्याचे घाटे खुळखुळतात, पण साल नाही. साल तुटत नाही आणि वाळल्यावर शेंगेतलं बी घुंगरासारखं वाजतं, असं एकच पीक आहे, ताग. आम्ही खात्यात त्याला ताग म्हणायचो, हिरवळीच्या खतासाठी बी वाटायचो. पूर्वी लोक दोरांसाठी लावत. त्याच प्रकरणात पुढे धानी ती साल बैलावरच्या गोणीला लावून पाहते आणि दोन्ही एकच आहेत हे तिला समजतं. ज्याच्या गोणीत मीठ आहे ते हेच झाड, म्हणजे तांडा इथून गोण्या घेत आला आहे, म्हणजे वाट हीच. त्यावरून तिला तांडा सापडतो. इथे सोयाबीन असेल तर गोष्टीला अर्थच राहत नाही. तिला तांडा सापडायचं कारण राहत नाही.

पण ती ताग म्हणाली नव्हती. ताग म्हणाली असती तर मी तागच लिहिलं असतं. ती काय म्हणाली हे मला काल दुपारी गोठ्याजवळ उभं असताना आठवलं. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचं होतं. ते थोडं बाजूला करून सांगत होती. ती म्हणाली, "सनाच्या शेंगा वाजत होत्या." आमच्या घरी जुने लोक तागाला सनच म्हणत. शाळेत ती फार शुद्ध बोलायची, पण अंगात ताप असला की घरचंच बोलायची.

मी म्हटलं, "सोयबीनच्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हसली. म्हणाली, "तुमचं ध्यान वावरात हाय."

खरं होतं. त्या आठवड्यात वावरात सोयाबीन वाळून उभं होतं, शेंगा फुटत होत्या, मी जगदेवला फोन लावत होतो आणि लागत नव्हता. मी सलाईनकडे पाहत होतो, लिहीत होतो आणि तिचं ऐकत नव्हतो.

मी म्हटलं, "बरं, मंग काय लिहू?"

ती म्हणाली, "लिहा, लिहा. तेच लिहा."

मी सोयाबीन लिहिलं.

हे प्रकरण मी अठरा ऑक्टोबरला लिहून घेतलं, पानाखाली तारीख टाकली आहे. तुला तिचा फोन एकोणीसला आला. मी तण पेरलं नाही, असं ती तुला म्हणाली. बरोबर आहे. तिने पेरलं नव्हतं.

आता चिठ्ठी.

पान ११८, ओळ ९. सोयाबीन. ते तेव्हा आपल्याकडे नव्हतं. काढावे. त्याऐवजी सन.

बाकीचं पुस्तक ठीक आहे. वाचलं आहे.

इंद्रभान घुगे

*

नागपूर
२७ डिसेंबर २०२४

ती. काका,
नमस्कार.

छपाई थांबवली. छापखानेवाले कुरकुरले, पण थांबले. पुस्तक दोन आठवडे उशिरा येईल. येऊ द्या.

तुम्ही वाचलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं नाही. मी ती ओळ चारदा वाचली आणि मला दिसली नाही, याचं वाटलं. माझ्या जन्माआधीपासून आमच्या तांड्याभोवती सोयाबीनच आहे. मला ते पळसासारखं जुनं वाटतं. आणि बाई "पेरलं नाई" म्हणाल्या, त्यातला "मी" मीही ऐकला नाही. तुमचं पत्र वाचून त्या दिवशी माझ्या हातून काम झालं नाही.

आता अडचण अशी. आमचे मुद्रितशोधक नानाजी पंचाहत्तर वर्षांचे आहेत. तुमची चिठ्ठी पाहून म्हणाले, "सन म्हणजे साल. सन सोळाशे सत्तर. त्याच्या शेंगा कशा वाजतील?" मी म्हटलं, कोशात ण आहे, सण म्हणजे ताग. तर म्हणाले, "मग पोरं म्हणतील, दिवाळीच्या शेंगा वाजत होत्या. सरळ ताग लिही, भानगड मिटव."

मी आजीला फोन करून विचारलं, गोणी कशाची असायची. म्हणाली, "सनाची. तुह्या बाईले सांगतलं नव्हतं काय मी? ताग-फाग ते सरकारी नाव." म्हणजे हा शब्द बाईंनी आजीकडूनच घेतला होता. किंवा तो तुमच्याच घरचा होता आणि आजीनेही तोच सांगितला. आता कोणाला विचारायचं?

तर तीन शब्द आहेत. नानाजींचा ताग, कोशातला सण आणि बाईंच्या तोंडून निघालेला सन. मला वाटतं, सन ठेवावा. त्यांनी सांगितलेला तो शेवटच्या प्रकरणातला शब्द आहे, जसा निघाला तसा राहावा. पण "पानी" म्हटलं म्हणून पंधरा दिवस मला उभं ठेवणारी बाईही तीच होती. मला ठरवता येत नाही. तुम्ही लिहाल ते अखेरचं. पाच जानेवारीच्या आत कळवा, म्हणजे पुन्हा थांबावं लागणार नाही.

संक्रांतीला गावी येणार आहे. तुमच्याकडे येऊन जाईन. आजी तिळाचे लाडू देते म्हणाली.

तुमची,
निता

*

मेडशी
३ जानेवारी २०२५

चि. निता,
आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. उत्तर आजच टाकतो. मालेगावला काम आहे, तिथल्या पोस्टात टाकलं तर लवकर पोचेल.

आज सकाळी दाट धुकं होतं. रस्त्यावरून एसटी दिवे लावून गेली. नऊ वाजेपर्यंत समोरची विहीर दिसत नव्हती. मग तुरीत चक्कर मारून आलो. पुढच्या आठवड्यात कापावी लागेल. जगदेवला सांगितलं, या वेळी मी जागेवर आहे.

शब्दाबद्दल. ताग नको. ते आमच्या कार्यालयातलं नाव आहे, धानीला ते ठाऊक नसणार. सण लिही. ण.

तिने शाळेत तीस वर्षं ण शिकवला. मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तकात तिने न राहू दिला नसता. बरी असती तर माझ्या हातातून कागद ओढून घेऊन स्वतः दुरुस्त केला असता. मुलं दिवाळी समजली तर पुढच्या ओळीत दांडी आहे, साल आहे, गोणी आहे, त्यांना कळेल. नाही कळलं तर विचारतील.

तिचा न मी ऐकला आहे. तो माझ्यापाशी राहू दे. पुस्तकात नको.

पुस्तक मी परत पाहिलं. दुसरं तण नाही. पान ४० वर तुमच्या जुळणीवाल्याने करडईला कराडई केलं आहे, तेवढं पाहा. आधीची पाच पुस्तकं कपाटातून काढून ठेवली आहेत. पहिलं सुरू केलं आहे, रोज थोडं वाचतो.

संक्रांतीला ये. मेडशीच्या स्टँडवर उतरलीस तर मी घ्यायला येतो. आजीला म्हणावं, सनाचा दोर तांड्यावर कोणाच्या घरी जुना पडला असेल तर हातभर द्या. नसला तर राहू दे.

जगदेवच्या घरून मेथीची जुडी आली आहे. मुळांना माती आहे आणि गवत फार आहे. मालेगावची गाडी दोनला आहे. तोवर निवडायला बसतो.

तुझा,
काका